पाय ४ चा घरगुती नॅस, नोंद ३: प्रोसेसर २५ टक्के, तरी कॉपी रखडलेली

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कवरून फाइली ठेवायची डिस्क. मांडणी तीच आहे: रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, यूएसबी ३ ला ३.५ इंची हार्ड डिस्क (स्वतःच्या अडॅप्टरवर), वर सांबा (विंडोजच्या एसएमबी पद्धतीने फाइली वाटणारा प्रोग्राम). गिगाबिट नेटवर्कवर मोठी फाइल सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास जायला हवी. तेवढी जात नसेल तर प्रोसेसरकडे बोट दाखवण्याआधी बाकीचे दुवे मोजा.

आयपर्फ३ या नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये सेकंदाला ९४० मेगाबिट दिसले की नेटवर्क ठीक. ९४ दिसले तर बहुधा केबलमधली एखादी जोडी तुटलीय आणि जोडणी १०० मेगाबिटवर उतरलीय. डीडी या कॉपीच्या आज्ञेने डिस्कचा वेग मोजताना डायरेक्ट पर्याय लावा, नाहीतर रॅमचाच वेग हाती येतो.

मग कॉपी चालू ठेवून एचटॉप (प्रोसेसरचा वापर दाखवणारा प्रोग्राम) उघडा. इथेच बहुतेकांची फसगत होते. एकूण वापर २५ टक्के, म्हणजे प्रोसेसर रिकामा, असं वाटतं. पण चार कोरांपैकी एक पूर्ण भरला तरी आकडा २५च येतो. सांबा प्रत्येक क्लायंटच्या जोडणीला एक प्रोसेस देतो. एकाच लॅपटॉपवरून कॉपी चालली असेल तर उरलेले तीन कोर त्या प्रोसेसच्या फारसे कामी येत नाहीत.

भरलेल्या पट्टीचा रंग पाहा. लाल म्हणजे कर्नलचं काम, साध्या कॉपीत तोच जास्त असतो. एसएमबीडीच्या (सांबाच्या प्रोसेसच्या) कोरवर हिरवा, म्हणजे प्रोग्रामचं स्वतःचं काम, वाढला तर सायनिंग (प्रत्येक संदेशावर सही) किंवा एसएमबी एन्क्रिप्शनचा (नेटवर्कवर जाणारा डेटा कूटबद्ध करणं) संशय घ्या. विंडोज ११ प्रो २४एच२ पासून सायनिंग आपोआप सक्तीचं आहे, त्यामुळे नॅसला हात न लावताही वेग घसरू शकतो.

मूळ कारण चिपमध्ये आहे. पाय ४ च्या बीसीएम२७११ मध्ये आर्मच्या क्रिप्टो सूचना (एन्क्रिप्शनसाठीच्या खास आज्ञा) नाहीत, म्हणून एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीचं सगळं गणित साध्या सूचनांनी होतं. क्रिप्टसेटअप बेंचमार्क या वेगचाचणीत एईएस-एक्सटीएस (डिस्कसाठीचा एईएस) सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आत अडकतो. हा आकडा एका कोरचा आहे. लक्स (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) आपलं काम सगळ्या कोरांवर पसरवतो, त्यामुळे डिस्क एन्क्रिप्ट करणं त्यामानाने परवडतं. एसएमबी एन्क्रिप्शन मात्र एकाच कोरच्या माथी बसतं. दोन्ही एकत्र लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. लक्ससाठी एडियंटम हा सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) अशाच चिपांकरता बनलाय आणि इथे एईएसपेक्षा बराच वेगवान चालतो. पण सायफर बदलला की सगळा डेटा नव्याने लिहावा लागतो, म्हणून आधी बॅकअप. पाय ५ मध्ये त्या क्रिप्टो सूचना आहेत.

वीजही तपासा. पाय ४ चे सगळे यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. २.५ इंची दोन डिस्का थेट लावल्या की व्होल्टेज पडतं, प्रोसेसर आपली गती उतरवतो आणि दोष सांबाच्या माथी जातो. वीज कमी पडली का ते सांगणाऱ्या व्हीसीजेनकमांडच्या गेट-थ्रॉटल्ड आज्ञेचं उत्तर निव्वळ शून्य हवं. नसेल तर स्वतंत्र वीज असलेला हब लावा, रीबूट करून पुन्हा कॉपी घ्या.