कसानी घाई शे?

"तुले कसानी घाई शे रे भाऊ?"

काल जळगावात जॅझच्या कार्यक्रमात माझा सॅक्सोफोनचा सोलो संपला आणि शेजारच्या ट्रम्पेटवाल्या दादांनी कानाशी येऊन एवढंच विचारलं. रागावून नाही, अगदी मायेनं. 40 वर्षं लग्नाच्या बँडमध्ये वाजवलेला माणूस.

ब्लूज चालू होता, जॅझमध्ये वाजणारा एक ठरलेला साचा. 12 बार, चार-चार मात्रांचे. म्हणजे 48 मात्रा, आपल्या तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. मी त्या सगळ्या भरून काढल्या होत्या. श्वासापुरतीही जागा सोडली नव्हती.

मग त्यांची पाळी आली. पहिले चार बार त्यांनी ट्रम्पेट ओठाला लावलाच नाही. डोळे मिटून बासवाल्याचं ऐकत उभे. उजव्या हाताची तीन बोटं व्हॉल्व्हवर नुसती टेकलेली. मला धडकीच भरली, विसरले की काय! पाचव्या बारला कॉर्ड, म्हणजे साथीचा स्वरमेळ, मध्यमावर गेला आणि त्यांनी एकच सूर लावला. कोमल गंधार, किंचित चढा. तोच जरासा वाकवला आणि सोडून दिला. मागच्या रांगेतून कुणीतरी "वा!" म्हणालं.

त्या एका सुरात त्यांचं सगळं आयुष्य होतं असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतंय.

रात्री एसटीनं अमळनेरला येताना तोच सूर कानात होता. शिकताना आम्ही सूर मोजले, वेग मोजला, पलटे घोटले. पण गप्प राहायचा रियाज कुणी करून घेतं का हो?