जीन्सच्या पायाचा पाउच

बुधवार

आज फक्त कापणं. जीन्स मे महिन्यातच धुऊन उन्हात कडकडीत वाळवून ठेवलेली आहे, नाहीतर आत्ता हात लावला नसता. जून ते सप्टेंबर गोव्यात जाड कापड धड सुकत नाही. कमरपट्टा आणि खिशांची टोकं दमट राहतात, तशीच घडी घातली की आठवड्यात काळे ठिपके. बुरशीचा डाग एकदा धाग्यात उतरला की धुऊन जात नाही, आणि असं कापड अस्तराखाली झाकलं तर वास आतच कोंडतो.

करायचा आहे चेनचा चपटा पाउच, तयार माप २२ बाय १५ सेंटिमीटर. स्कूटरची कागदपत्रं, चष्मा, किल्ल्या, सुटे पैसे एवढं त्यात बसतं आणि सीटखालच्या डब्यात तो आडवा मावतो.

जीन्स शिवायला कठीण असते असं म्हणतात ते अर्धंच खरं. सरळ टीप कुठलंही मशीन मारतं. बिघडतं ते जिथे थर साठतात तिथे. कापडाचा एक थर पाऊण मिलिमीटरच्या आसपास. पायाच्या आतल्या दुमडशिवणीत (कडा एकमेकींत दुमडून मारलेली शिवण) चार थर, म्हणजे तीन मिलिमीटर. तिच्यावर दुसरी शिवण आडवी आली की सुई वाकते, टाका सुटतो किंवा मशीन जागच्या जागी घुरघुरतं. त्यामुळे पाउचचं डिझाइन म्हणजे मुळात एकाच प्रश्नाचं उत्तर: कुठल्या जागी किती थर येणार?

आधी आतलं लेबल वाचायचं. शंभर टक्के कॉटन असेल तर डोळे मिटून घ्यावी. इलॅस्टेन (ताणणारा धागा) दोन-तीन टक्केच असतं, पण जुन्या जीन्समध्ये ते मेलेलं असतं. कापड मशीनच्या फुटाखाली (कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली) ताणलं जातं आणि चेन नागमोडी बसते. तसली जीन्स स्कूटर पुसायला ठेवावी. मग पाय खिडकीसमोर धरून बघायचा. मांडी आणि गुडघा इथे उजेड आरपार दिसतो, कापड विरलेलं असतं, गुडघ्याला तर फुगाही आलेला असतो. गुडघ्याखालचा भाग बहुधा शाबूत असतो, तोच घ्यायचा.

बहुतेक जीन्सना पायाच्या बाहेरच्या बाजूची शिवण साधी, ओव्हरलॉक केलेली (कडेला धाग्याची जाळी घातलेली) असते. ती ब्लेडने उसवते. आतली दुमडशिवण उसवायच्या भानगडीत पडू नये. अर्धा तास जातो आणि कडेला सुयांच्या भोकांची रांग राहते. तिच्या दोन्ही बाजूंनी सरळ कात्री चालवावी. एका पायातून पुढचा आणि मागचा असे दोन पट्टे मिळतात, प्रत्येकातून २४ बाय १७ चा एकेक तुकडा. २४ ची बाजू पायाच्या लांबीकडे ठेवायची, कारण रुंदीत तेवढं कापड नसतंच. चारही बाजूंचं साधारण एकेक सेंटिमीटर शिवणीत जातं, ते या मापात धरलेलं आहे. पायाला चिकटून बसणाऱ्या जीन्समध्ये सतराही निघत नाहीत.

आणि पायाच्या कडेला समांतर रेघ मारायची नाही. पाय खाली निमुळता होत जातो, शिवाय धुण्यात पिळवटतो. कड सरळ दिसते पण धागा तिरका पळत असतो. डेनिममध्ये ताणा (उभा धागा) निळा आणि बाणा (आडवा धागा) पांढरा, तीन धाग्यांवरून एकाखालून असा विणलेला. म्हणून तर उलट बाजू फिकी. कडेचा एक निळा धागा टाचणीने उचलून हळूहळू ओढून काढला की कापडावर बारीक रेघ उमटते. तीच खरी सरळ रेघ. त्यावरून कापलेला पाउच धुतल्यावर वाकडा होत नाही.

(या निळ्याची नाती आपल्या जवळचीच. नीळ अरबांकडून पोर्तुगिजांच्या तोंडी ‘अनिल’ झाली, आणि इंग्रजांचं ‘डंगरी’ (जाड कापडाची विजार) मुंबईच्या डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडावरून आलं.)

गुरुवार

अस्तराचा विचार. जीन्सचंच अस्तर लावलं तर थर दुप्पट, तेव्हा ते बाद. पातळ सुती शर्टाची पाठ चांगली, आणि रंग फिका हवा. गडद अस्तरात काळी किल्ली शोधत बसावं लागतं. पावसाळ्यासाठी मात्र मोडक्या छत्रीचं कापड जास्त उपयोगी. छत्र्या इथे दर वर्षी एक-दोन मोडतातच, काड्या भंगारात जातात आणि कापड फुकट. ते पातळ असतं, पाणी अडवतं. तरी पाउच जलरोधक होत नाही हे आधीच समजून असावं: शिवणीचं प्रत्येक भोक पाणी आत घेतं आणि बाहेरची जीन्स भिजून जड होते. धावत घरात शिरेपर्यंत कागद वाचतील, एवढंच.

छत्रीचं कापड घसरतं. टाचण्या टोचल्या तर भोकं कायमची राहतात, म्हणून कपडे वाळत घालायचे लहान चिमटे कडेला लावायचे. गरम इस्त्री टेकवली की ते आकसतं. कडेचे धागे फार सुटतात, त्यामुळे अस्तराचा कापलेला तुकडा फार हाताळू नये.

चेन नायलॉनचीच, पाच नंबर, मीटरवर मिळणारी. रनर (चेन उघडणारी-मिटणारी सरक) वेगळा घेऊन घालायचा. जीन्सवर पितळी चेन शोभते खरी, पण खाऱ्या दमट हवेत ती हिरवी पडते, रनर अडतो, आणि मग ओढाओढीत कापडच फाटतं. मीटरवरच्या चेनला टोकाशी धातूची पट्टी नसते, म्हणजे सुई तिच्यावर आपटायची भीती नाही.

सुई १६ नंबर. चार थरांवरून जायचं असेल तर १८. सुई नवीच लावावी, गंज धरलेली तर मुळीच नको. ती धागे खेचते आणि फिक्या अस्तरावर तपकिरी ठिपके सोडते. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा सततच्या ओलीने कुजतो. वरून दिसणाऱ्या टिपेसाठी जाड केशरी दोरा हवा असेल तर तो फक्त सुईत, बॉबिनमध्ये (खालच्या दोऱ्याच्या रिळात) साधाच. बॉबिनमध्येही जाड दोरा भरला की खाली गुंता ठरलेला. टाका तीन ते साडेतीन मिलिमीटरचा, जुन्या पायमशीनवर इंचाला आठ. बारीक टाक्याने जीन्स मजबूत होते हा गैरसमज आहे, भोकं जवळजवळ पडून ती तिथेच टरकते.

चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली की शिंपी असली किरकोळ कामं घेत नाहीत, तेव्हा हे घरच्या मशीनवरच. वीज गेली तरी पायमशीन थांबत नाही हा त्याचा फायदा.

शुक्रवार

शिवायला बसण्याआधी त्याच जीन्सच्या दोन चिंध्यांवर टीप मारून पाहिली. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले तर लोक लगेच बॉबिन केसचा स्क्रू पिळतात. दोष बहुतेक वेळा वर असतो. फूट खाली असताना दोरा ओवला तर तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसतच नाही. फूट वर करून पुन्हा ओवायचा, स्क्रूला हात लावायचा नाही.

चेनची टोकं हीच या कामातली खरी जागा. चेन पूर्ण रुंदीची घेतली तर दोन्ही कोपऱ्यांत जीन्स, चेन, अस्तर, पुन्हा चेन, पुन्हा जीन्स असा ढीग होतो आणि पाउच उलटल्यावर तिथे कायमचा गोळा राहतो. म्हणून चेन २१ सेंटिमीटरची कापायची आणि टोकांना पातळ सुती कापडाच्या टोप्या चढवायच्या. टोपीचा तुकडा चेनच्या पट्टीइतका रुंद आणि ६ सेंटिमीटर लांब. दोन्ही टोकं एकेक सेंटिमीटर आत दुमडायची, मग मधोमध घडी. दोन सेंटिमीटरची टोपी होते. तिच्यात चेनचं टोक अर्धा सेंटिमीटर सरकवून टीप मारायची. बाहेर दीड-दीड सेंटिमीटर उरतं, चेन एकूण बरोबर २४ होते. बाजूची शिवण आता फक्त टोपीवरून जाते, चेनला शिवतही नाही. रनर मात्र टोप्यांआधीच घालून घ्यायचा. हे विसरलं की सगळं उसवणं आलं.

मग जीन्सचा तुकडा सुलट वर, त्यावर चेन उलटी, त्यावर अस्तर उलटं, तिन्हींच्या कडा जुळवून चिमटे. एकबाजूचा फूट (चेनच्या दातांजवळून टीप मारता येणारा) लावून कडेपासून सात मिलिमीटरवर टीप. रनर आडवा आला की टीप वाकते. तेव्हा सुई कापडात रुतवून फूट उचलायचा, रनर मागे सरकवायचा आणि पुढे जायचं. अस्तर आणि जीन्स मागे उलटवून दुमडीपासून तीन मिलिमीटरवर वरून एक टीप, नाहीतर अस्तर रोज रनरमध्ये अडकणार. दुसरी बाजू तशीच.

आता चेन अर्धी उघडायची आणि उघडीच ठेवायची. जीन्सवर जीन्स, अस्तरावर अस्तर, सुलट बाजू आत. चेनच्या शिवणीची जाडी अस्तराकडे ढकलायची. जीन्सकडे गेली तर कोपरा गोल येतो. चौफेर एक सेंटिमीटरवर टीप, अस्तराच्या तळाला १० सेंटिमीटर मोकळे सोडून. चेनजवळच्या चार सेंटिमीटरात मशीन पायाने नव्हे, चाक हाताने फिरवून.

तिथे फुटाचं नाक वर उचललं जातं आणि टाच खाली राहते. कापड पुढे सरकवणारे खालचे दाते त्याला धरत नाहीत आणि टाके एकमेकांवर चढतात. उपाय साधा आहे: जीन्सची चिंधी चौपदरी घडी करून फुटाच्या टाचेखाली सरकवायची, फूट सपाट झाला की मशीन आपोआप चालतं. शिवणीवर आधी कापड ठेवून हातोडीचे चार-पाच ठोकेही द्यावेत, धागे चपटे होऊन जाडी कमी होते. पाट्याचा वरवंटाही चालतो, फक्त स्वयंपाकघरातून परवानगी मिळायला हवी.

मागचा खिसा पाउचवर शोभेला लावायचा मोह बहुतेकांना होतो. काही जीन्समध्ये त्याच्या कोपऱ्यावर रिव्हेट (ठोकलेला धातूचा खिळा) असतो. खिशाचे कोपरे ओढाताणीत उसवतात म्हणूनच जेकब डेव्हिस या शिंप्याने तो ठोकायला सुरुवात केली आणि १८७३ साली लीव्हाय स्ट्रॉसबरोबर त्याचं पेटंट घेतलं. कापडाला तो तारतो, सुईला मारतो. त्याच्या एक सेंटिमीटर आसपास टीप नेऊ नये. सुई तुटली तर तुकडा डोळ्याकडे उडतो. खिसा हवाच असेल तर तो तुकडा सपाट असतानाच, अस्तराआधी लावायचा आणि कोपरे हाताने उलट टाक्याने धरायचे.

उलटण्याआधी कोपरे तिरके कापले, टिपेपासून दोन मिलिमीटर सोडून. जीन्सची कड पाच मिलिमीटरपर्यंत छाटली, अस्तराची तशीच ठेवली. दोन्ही एका रेषेत छाटल्या तर बाहेरून कंगोरा दिसतो. अस्तराच्या तोंडातून उलटवून कोपरे बोथट पेन्सिलीने बाहेर काढले. कात्रीचं टोक घातलं की कोपऱ्याला भोक पडतं. तोंड हाताने शिवून बंद.

गडद जीन्स असेल तर एक चाचणी राहते. पांढरं फडकं ओलं करून पाउचवर घासायचं. निळं उतरलं तर तो फिक्या कपड्यांपासून दूर. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून नीळ पक्की होत नाही, ती धाग्याच्या वरच्या थरावरच बसलेली असते. चार-पाच वेळा वेगळं धुणं एवढाच इलाज.

शेवटी बॉबिन केस उघडून ब्रश फिरवला. निळी कापसासारखी लव निघाली, अंगठ्याएवढी. ती आत राहिली तर दमट हवेत तेलात कालवून दाट होते आणि पुढच्या वेळी शटल (बॉबिनभोवती फिरणारा भाग) जड फिरतं. दोन थेंब तेल, चिंधीवर रिकामी टीप, आणि फुटाखाली कापडाची घडी ठेवून मशीन झाकलं. उरलेल्या दुसऱ्या पायात अजून एक पाउच आहे.