काठ्या, दोरा आणि बाबा

"सगळं त्या काठ्यांनीच केलं की रे," मासे गरवून परतताना एवढंच बाबा म्हणाले आणि गाडीत डोळे मिटून बसले. कालपासून ते वाक्य मनातून जात नाही.

गरवायला बसणं म्हणजे दोरा बोटावर, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. इथे ट्रोलिंग: गळाच्या काठ्या होल्डरमध्ये, मोटर बोट हळूहळू पुढे नेतेय आणि आम्ही खुर्चीत. पण म्हणून काय मी काहीच केलं नाही? जुलैत इथल्या, मिसिसिपीतल्या एनिड तलावाचं वरचं पाणी तापलेलं असतं आणि खाली तळाकडे प्राणवायू संपलेला. आम्हाला हवा तो क्रॅपी मासा मधल्या थरात, शॅड या छोट्या माशांच्या मागे. क्रँकबेट, म्हणजे माशासारखं दिसणारं नकली आमिष, नेमकं त्या खोलीवर पळायला हवं. किती दोरा सोडायचा, ताशी दीड मैल की पावणेदोन, हे सगळं मीच ठरवतो ना? बोट वळवली की आतल्या बाजूची क्रँकबेट मंदावतात, बाहेरची पळतात. आतल्या काठीला मासा लागला, तर आज त्यांना हळू हवंय. हे काठीला थोडंच कळतं?

काठीचं टोक बारीक थरथरत असतं. ती थरथर थांबली की पान अडकलंय. मी तिकडेच बघत असतो, आणि बाबांना वाटतं मी नुसता बसलोय. फार लागलं मला ते.

१९५७ च्या जुलैत इथेच ५ पौंड ३ औंसांची पांढरी क्रॅपी मिळाली, जागतिक विक्रमाची, हेही सांगितलं. "किलोत सांग," म्हणाले. सव्वादोनच्या वर, म्हटलं. गप्प.

क्रॅपीचं तोंड कागदासारखं पातळ. झटका द्यायचा नसतो, संथ गुंडाळायचं. बाबांनी सवयीने झटका दिला, आणि चांगला मोठा बोटीपाशी येऊन सुटला. त्यावर आम्ही दोघंही बोललो नाही. त्या आजारापासून त्यांच्या बोटांना... जाऊ दे.

म्हणूनच तर मी ट्रोलिंग निवडलं होतं. बसून जमतं, हाताला ताण नाही. हे त्यांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांना कळलं नसेल असंही नाही. मग ते वाक्य काठ्यांबद्दल होतं की कशाबद्दल, कोण जाणे. माझ्याबद्दल नव्हतं बहुतेक.

आज जेवताना स्वतःहून म्हणाले, "ते गुलाबी आमिष आणलं होतंस ना, त्यालाच जास्त लागत होते." मी नुसतं हो म्हटलं. शनिवारी पुन्हा जातोय. मागच्या दोन काठ्या त्यांच्या, आणि दोरा किती सोडायचा ते तेच ठरवतील.