पाऊस लागायच्या आत मागवायची कॉमिक्स

मे अर्धा सरला की आमच्या घरात दोन याद्या निघतात. आईची आगोटीची: सुकट, आमसुलं, पापड, मिठाची पिशवी. आणि माझी कॉमिक्सची. जूनमध्ये एकदा घाट कोसळायला लागले की पार्सल कुठल्या गोदामात भिजत पडेल ते सांगता येत नाही. म्हणून जे हवंय ते आत्ताच मागवा.

आधी माझा एक नियम, जो मुंबई-पुण्याच्या मित्रमंडळींना काही केल्या पटत नाही. सुटे अंक घ्यायचे नाहीत. अमेरिकन कॉमिक्सचा महिन्याचा अंक म्हणजे वीस-बावीस पानांची गोष्ट, मधोमध दोन पिना. मालवणच्या खाऱ्या हवेत त्या पिना गंजतात, गंज कागदात उतरतो, आणि नेमकं मधलं, दोन पानभर पसरलेलं चित्र हातात सुटून येतं. गुळगुळीत कागद दमटपणानं एकमेकांना चिकटतो तो वेगळाच ताप. तेव्हा थांबायचं, आणि पाच-सहा अंकांचं एकत्र बांधलेलं पुस्तक निघालं की ते घ्यायचं. आमचं मेडिकल असल्यामुळे गोळ्यांच्या मोठ्या बरण्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या मला आयत्या मिळतात. त्या कपाटात प्रत्येक फळीवर टाकलेल्या असतात. तुमच्या ओळखीच्या मेडिकलवाल्याला विचारा, तो त्या फेकूनच देतो.

आता पुस्तकं. डीसी या अमेरिकन प्रकाशनानं ऑक्टोबर २०२४ पासून ‘अ‍ॅब्सोल्यूट’ या नावाखाली आपले जुने नायक नव्यानं मांडायला घेतले. मागचं काही वाचलेलं नसलं तरी चालतं, आणि आपल्यासारख्या अधूनमधून मिळेल ते वाचणाऱ्यांना हीच मोठी सोय. ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’ लिहिलाय स्कॉट स्नायडरनं, चित्रं निक ड्रॅगोटाची. यातल्या ब्रूस वेनकडे, म्हणजे बॅटमॅनकडे, पैसा नाही. बाप शाळामास्तर होता, प्राणिसंग्रहालयातल्या गोळीबारात गेला. आई जिवंत आहे. वाडा नाही, बटलर नाही. आल्फ्रेड आहे, पण तो ब्रिटिश हेर, आणि त्याची ब्रूसशी गाठ पडते ती चाकर म्हणून नव्हे. ब्रूस शिकलेला इंजिनीयर, अंगानं अवाढव्य, आणि छातीवरचं वटवाघूळ उपसलं की त्याची कुऱ्हाड होते! पुढे जाऊन कोण खलनायक होणार हे आपल्याला पाठ आहे, ती पोरं इथे त्याचे लहानपणचे सवंगडी आहेत, म्हणून प्रत्येक साध्या गप्पांच्या पानावरही जीव थोडा वरखाली होतो.

मला बॅटमॅन कायम जरा खटकायचा. एवढी इस्टेट असलेल्या माणसानं रात्री बोळात जाऊन भुरट्या चोरांना बडवायचं, हे काय. स्नायडरनं इस्टेटच काढून घेतली आणि गोष्ट एकदम सरळ उभी राहिली. तक्रार एकच: निवेदन फार. ड्रॅगोटाचं चित्र जे सांगून मोकळं झालेलं असतं ते वरच्या चौकटीत पुन्हा वाचावं लागतं.

त्याच मालिकेतली ‘वंडर वुमन’ मात्र मला बॅटमॅनपेक्षा उजवी वाटते. केली थॉम्प्सनचं लेखन, हेडन शर्मनची चित्रं. डायना, म्हणजे वंडर वुमन, इथे अ‍ॅमेझॉन नावाच्या लढवय्या बायकांत वाढलेलीच नाही. तान्ही असताना तिला नरकात सर्सी नावाच्या चेटकिणीच्या गळ्यात मारलंय, आणि त्या बाईला पोर नको आहे. पुढे काय होतं ते कळायला हुशारी लागत नाही, पण ते ज्या बेतानं होतं त्यासाठी पुस्तक घ्या. लढाया दणदणीत आहेत, उडता घोडा आहे तोही नुसत्या हाडांचा. आणि एवढं सगळं असून ही पोरगी मनानं चांगली आहे. कुढत नाही, दात-ओठ खात नाही. सुपरहिरोंच्या पुस्तकांत हे हल्ली दुर्मीळ झालंय.

चाळिशीच्या आसपासच्यांसाठी मार्व्हलचा ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’, जानेवारी २०२४ पासूनचा. जोनाथन हिकमनचं लेखन, मार्को केकेट्टोची चित्रं. पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, इथे लग्न झालेला, दोन मुलांचा बाप, आणि कोळ्याची ताकद त्याला आत्ता कुठे मिळते. एरवी सुरुवातीलाच मरणारे त्याचे बेनकाका इथे जिवंत आहेत, आणि ते जेमसन या संपादकाला बरोबर घेऊन स्वतःचं वर्तमानपत्र काढतात. मारामारीपेक्षा स्वयंपाकघरातली बोलणीच जास्त आहेत. ज्यांना ती कंटाळवाणी वाटतात त्यांनी सोडून द्यावं. मला नाही वाटली.

आता ज्यासाठी मुळात हे लिहायला बसले ते. केट बीटनचं ‘डक्स’. २०२२ चं आहे, म्हणजे कोरं नवं नव्हे, पण आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलंय आणि मला ते कोकणात राहणाऱ्या प्रत्येकाच्या हातात द्यावंसं वाटतं. बीटन कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप ब्रेटनची. समुद्र आहे, गाणीबजावणी आहे, माणसं एकमेकांना धरून आहेत, फक्त काम नाही. एकेकाळी तिथून मासे, कोळसा, पोलाद बाहेर जायचं, आता माणसं जातात, हे ती सुरुवातीलाच सांगते. कॉलेजचं कर्ज फेडायला २००५ मध्ये ती देशाच्या दुसऱ्या अंगाला, अल्बर्टाच्या तेलवाळूच्या खाणींत जाते आणि अवजारांच्या कोठीत कामाला लागते.

गणपतीत उघडणारी आणि विसर्जनाला कुलूप लागणारी घरं ज्यांच्या वाडीत आहेत त्यांना यापुढचं समजावून सांगायला नको. चित्रं सगळी करड्या रंगात. ट्रक एवढे प्रचंड की चाकाशी उभा माणूस शोधावा लागतो. बर्फ, कॅम्पातल्या खोल्या, जेवणाच्या रांगा, फोनवर घरच्यांशी तेच ते बोलणं. माझा मामेभाऊ कैक वर्षं मस्कतला होता. कॉमिक्स वाचणं त्याच्या गावीही नाही. काउंटरवर पडलेलं पुस्तक त्यानं उभ्या उभ्या चाळलं आणि एका पानावर थांबून म्हणाला, “ह्यां आमच्याच कॅम्पातला दिसता.” घरी घेऊन गेला, अजून परत दिलेलं नाही.

पण जपून द्या. त्या खाणींत बायका अगदी मोजक्या, आणि तिथे तिच्यावर जे अत्याचार झाले ते तिनं लपवलेले नाहीत. कठीण भाग आहे. तिथल्या सगळ्या पुरुषांना ती एकाच रंगात मात्र रंगवत नाही. हीच माणसं आपल्या गावी राहिली असती तर कशी असती, हा प्रश्न ती सोडत नाही, आणि त्याचं सोपं उत्तरही देत नाही. नाव ‘बदकं’ का, तर २००८ मध्ये तिथल्या सांडपाण्याच्या तळ्यात उतरून शेकडो बदकं मेली. तेवढी बातमी जगभर गेली.

याच्यानंतर काहीतरी मऊ हवं असेल तर तायो मात्सुमोतोचं ‘टोकियो दीज डेज’. तीनच खंड, २०२४ मध्ये इंग्रजीत आले. मांगाचा, म्हणजे जपानी कॉमिक्सचा, एक संपादक तीस वर्षांची नोकरी सोडतो आणि घरातला सगळा संग्रह विकायला काढतो. मग ते होत नाही, आणि तो जुन्या, हात टेकलेल्या चित्रकारांच्या दारात जाऊन म्हणतो, माझ्यासाठी एक गोष्ट काढा. घरी एक पाळीव चिमणी आहे, तिच्याशी तो बोलतो. कपाटभर पुस्तकं असलेल्या कुणालाही तो विक्रीचा भाग वाचवत नाही.

भाच्याच्या आग्रहावरून ‘दांदादान’ही वाचलं. युकिनोबू तात्सूची ही मालिका २०२१ पासून चालू आहे. मोमो नावाच्या शाळकरी पोरीचा भुतांवर विश्वास, परग्रहवासीयांवर नाही. तिच्या शाळेतल्या एका मुलाचं बरोबर उलट. पैज लागते आणि दोघंही हरतात. आजी मांत्रिक आहे. गिऱ्हा, मुंजा, देवचार ऐकत झोपलेल्या पोरांना हे भलतंच आवडतं. चावटपणा बराच आहे, तेव्हा लहानांच्या हाती द्यायच्या आधी पहिला खंड स्वतः वाचा.

शेवटचं, जो सॅकोचं ‘द वन्स अँड फ्यूचर रायट’, २०२५ चं. २०१३ च्या मुझफ्फरनगरच्या दंगलीवर. सॅको पत्रकार आहे, जागेवर जातो, लोकांना बोलतं करतो आणि मग ते चित्रांत मांडतो. स्वतःला काढतो तेव्हा चष्म्याच्या काचा कोऱ्या, डोळे कधीच दिसत नाहीत. दोन्ही बाजूंचे लोक तीच घटना सांगतात आणि दोन वेगळ्या घटना घडल्यासारखं वाटतं. सॅको त्या दोन्ही तशाच काढतो. गर्दीची पानं सावकाश बघा, प्रत्येक चेहरा निराळा काढलाय. पुस्तक महाग पडतं. आम्ही तिघींनी वर्गणी काढून एकच प्रत घेतली. माझं वाचून झालं, कणकवलीचं झालं, सध्या ती वेंगुर्ल्याला आहे.