आमची वाटचाल : धोट्याचं दुकान

आमचं दुकान इचलकरंजीत, यंत्रमागाच्या सुट्या भागांचं. वडील आधी एका कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारे, होते. मागाचं कुठं बिघडलंय, ते आवाजावरून सांगायचे. 1982 साली त्यांनी घराच्या सोप्यात टेबल टाकलं आणि धोटे (आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडं धावतात ते), त्यांना ढकलणारे पिकर, उभे दोरे धरणारी वही-फणी विकायला लागले.

गाव वाढलं ते मागांवरच. इथला पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी बसवला, जहागीरदार घोरपड्यांच्या पाठिंब्यानं. कोल्हापूरची शाहू मिल 1906 ची. पण तिथं एकच मिल आणि एकच भोंगा. आमच्याकडं गल्लोगल्ली चार-सहा माग, त्यात कितीतरी खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर विणून देणारे. 2003 मध्ये शाहू मिल बंद पडली, तिथं कामाला असलेले मामा घरी बसले. मी त्यांना म्हणालो, "आमच्यात असं होत नाही, इथं मालकच हजारो." बोलून गेलो खरं.

धोटा लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड, पोटात सुताची कांडी. मिनिटाला दीडशेच्या आसपास फेऱ्या, आणि दर फेरीला पिकरचा तडाखा. वडील विकण्याआधी प्रत्येक धोट्यावरून अंगठा फिरवायचे. कुसळ लागली की पॉलिश पेपर. तेवढ्या कुसळीनं ताण्याचे, म्हणजे उभे, दोरे तुटतात. धोटा झिजायचा, गिऱ्हाईक परत यायचं. आमचं घर त्या झिजेवर चाललं.

मग बिनधोट्याचे रॅपिअर, एअरजेट माग आले, दुप्पट-चौपट वेगाचे. सुताचा दर सकाळी एक, संध्याकाळी एक. कापडाचे पैसे तीन-तीन महिन्यांनी, वीजबिल मात्र वेळेवर. त्यात 2016 ची नोटाबंदी, 2017 चा जीएसटी, 2019 चा पूर, 2020 चा लॉकडाऊन. लोक यातल्या कुठल्यातरी एकावर खापर फोडतात. मला तसं वाटत नाही. सुटा धक्का पचला असता, पण दम घ्यायलाच मिळालं नाही.

माझंही चुकलं. 2014 मध्ये बंद होणाऱ्या एका दुकानाचा सगळा माल मी स्वस्तात उचलला. वडील म्हणाले, "स्वस्त का देतोय, विचारलंस का?" नव्हतं विचारलं. त्यातले दोनशेवर धोटे अजून माळ्यावर पडून आहेत.

पुढं माग भंगारात किलोवर जायला लागले. एका जुन्या गिऱ्हाईकाचे चार माग गेले तेव्हा मी तिथंच होतो. बिडाची फ्रेम घणानं फोडतात, तुकडे टेम्पोत भरतात. मालक चहा सांगतो म्हणून गेला, तो टेम्पो हलल्यावरच परतला.

आता रॅपिअरचे पार्टही ठेवतो, पण ते गिऱ्हाईक मोबाईलवर दर बघूनच पायरी चढतं. साध्या मागाचे नवे पार्ट ओतणारे कमी झालेत, म्हणून भंगारवाल्याच्या आधी पोचून चांगली चक्रं, क्रँक काढून आणतो, घासून तेल लावून ठेवतो. त्या चार मागांतलं एक चक्र परवा पलीकडच्या गल्लीतल्या कारखानदारानं नेलं. हातात घेऊन उलटंसुलटं केलं, "त्याचंच न्हवं हे?" म्हणाला, आणि घासाघीस न करता पैसे काढून दिले.