परदेशात शेती प्रकल्पाची नोकरी: माझा अनुभव

शेती प्रकल्प चालवणाऱ्या माणसाला परदेशात काम शोधायचं असेल, तर आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या बाजारात माणसं घेतली जातात. पहिला बाजार संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा, म्हणजे एफएओ (अन्न आणि कृषी संघटना), आयफाड (शेती विकासाला पैसा पुरवणारा आंतरराष्ट्रीय निधी) वगैरे. या दोघांची मुख्यालयं रोममध्ये आहेत. दुसरा बाजार सल्लागार कंपन्यांचा. जागतिक बँक किंवा युरोपीय संघाच्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांची टेंडरं त्या भरतात. तिसरा खासगी: बियाणं कंपन्या, सिंचनवाले, मोठे मळे. मी ठिबक सिंचन, शेतकरी गट आणि बीजोत्पादन अशा कामांत मुरलेला. सुरुवात अर्थातच पहिल्यापासून केली, कारण तिथे मान मोठा आणि जाहिरात सगळ्यांना दिसते.

तिथली चाळणी सरळ आहे, पण कडक. तिथल्या व्यावसायिक पदांना पी-३, पी-४ असे दर्जे असतात, आकडा मोठा तसं पद वरचं. पी-३ दर्जाच्या पदाला साधारण पाच वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, पी-४ला सात. माझ्याकडे त्याहून कितीतरी जास्त होता. अडलं ते भाषेपाशी. एफएओच्या बहुतेक पदांना इंग्रजीच्या जोडीला संयुक्त राष्ट्रांच्या आणखी एका अधिकृत भाषेचं निदान जुजबी ज्ञान मागतात. सेनेगल, माली, बुर्किना फासो इथली कामं तर फ्रेंच येत नसेल तर वाचायचीही सोय नाही. मोझांबिक आणि अंगोलात पोर्तुगीज. नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर अर्धी आफ्रिका माझ्यासाठी तिथेच बंद झाली. फ्रेंचचा वर्ग लावला, पण भाषा शिकेपर्यंत घर थांबत नाही, म्हणून दुसऱ्या बाजाराकडे वळलो.

आणि खरं शिक्षण तिथे झालं. सल्लागार कंपनी तुम्हाला नोकरी देत नसते. ती तुमचा सीव्ही टेंडरमध्ये लावते. तांत्रिक प्रस्तावाला जे गुण मिळतात, त्यातला मोठा वाटा ‘की एक्स्पर्ट’ म्हणजे प्रमुख तज्ज्ञ म्हणून दाखवलेल्या माणसांच्या सीव्हीवर ठरतो. पदवीला काही गुण, त्याच प्रकारच्या कामाला काही, त्या प्रदेशातल्या अनुभवाला काही. तुमचा सीव्ही वाचणारा माणूस हातात या गुणांचा तक्ता घेऊन बसलेला असतो. ‘ठिबक सिंचन प्रकल्पाची संपूर्ण जबाबदारी यशस्वीरीत्या सांभाळली’ या वाक्याला त्या तक्त्यात जागाच नसते. तेच वाक्य मी असं केलं: ‘सहाशे हेक्टरवर ठिबक, निधी कोणाचा, रक्कम किती, हाताखाली नऊ जण, खरेदीची टेंडरं स्वतः काढली, पाणीवापर गटांची वर्गणीवसुली सुरू करून दिली.’ प्रत्येक कामाचा महिना आणि वर्ष, आणि पडताळणीसाठी एका माणसाचं नाव. जुन्या साहेबांचे फोन नंबर शोधायला मला सीव्ही लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला. एक निवृत्त होऊन शेती करत होते, एकांनी नंबर बदललेला. नोकरी सोडताना अनुभवपत्रात फक्त ‘यांनी आमच्याकडे काम केलं’ एवढंच लिहून घेऊ नका. पद, प्रकल्पाचं नाव, निधी देणारी संस्था आणि तारखा लिहून घ्या. नंतर तो कागद मिळत नाही.

युरोपीय संघाच्या टेंडरात आणखी एक कागद पुढे येतो, उपलब्धतेचं आणि फक्त याच कंपनीबरोबर असल्याचं निवेदन. त्यावर सही केली की त्याच टेंडरसाठी दुसऱ्या कंपनीला सीव्ही देता येत नाही. दिला तर दोन्ही कंपन्यांचे प्रस्ताव बाद होऊ शकतात. एका कंपनीने माझी सही घेतली, टेंडर जिंकलं, आणि काम सुरू व्हायच्या वेळी माझ्या जागी दुसरा माणूस सुचवला. असं सर्रास चालतं, हे पुढे ओळखीच्या दोघा-तिघांकडूनही ऐकलं. तेव्हापासून सही करण्याआधी मी ईमेलवर विचारून ठेवतो: टेंडर मिळालं तर दर काय, किती दिवसांचं काम, माणूस बदलायची वेळ आली तर मला कळवणार कधी. जे उत्तर देत नाहीत त्यांना सही मिळत नाही. माझ्या मते एवढा ताठपणा परवडतो, कारण गुण माझ्या कागदावर मिळणार असतात.

बाजारही मध्येच बदलला. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि १ जुलै २०२५ला यूएसएआयडी या त्यांच्या परदेशी मदत देणाऱ्या संस्थेचं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. त्यांच्या प्रकल्पांवर ‘चीफ ऑफ पार्टी’ म्हणजे प्रकल्पप्रमुख म्हणून वर्षानुवर्षं काम केलेली माणसं एकदम मोकळी झाली, आणि ज्या जागांना मी अर्ज करत होतो त्याच रांगेत येऊन उभी राहिली. वयाचा आणि अनुभवाचा माझा जो वरचष्मा होता, तो त्यांच्यापुढे फिका पडला. म्हणून मी प्रकल्पप्रमुखाचा हट्ट सोडून सिंचन आणि शेतकरी संघटन सांभाळणाऱ्या दुय्यम पदांकडे वळलो. तिथे प्रत्यक्ष वाफ्यात उभं राहिलेला माणूस लागतो, आणि तसे अर्ज त्यामानाने कमी येतात.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. मोठ्या संस्थेच्या नावाने ‘निवड झाली, प्रक्रिया शुल्क भरा’ अशी पत्रं मलाही आली. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे मागत नाहीत. पैसे मागितले की पुढे वाचायचंच नाही.

शेवटी जमलं ते झांबियातल्या एका प्रकल्पासाठी. मुलाखत ऑनलाइन, समोर तिघे. मी सवयीने ‘आम्ही असं केलं, आम्ही तसं केलं’ म्हणत होतो, तर त्यातल्या एक बाई म्हणाल्या, ‘‘ते झालं, पण यात तुम्ही स्वतः काय केलंत?’’ मग मी एका गटाची गोष्ट सांगितली. पंपाच्या वीजबिलावरून भांडण होऊन वर्गणी थांबली होती. मी बिल हेक्टरवर न वाटता पाणी सोडलेल्या तासांवर वाटायचं सुचवलं आणि नोंदवही गटातल्या दोघींच्या हातात दिली. त्यावर त्यांनी लगेच विचारलं, ‘‘कोणी विरोध केला?’’ ज्यांची जमीन कमी आणि पाणी जास्त, त्यांनी. मुलाखतीचा निम्मा वेळ त्या एका गटावरच गेला. सिंचनाच्या तंत्राबद्दल त्यांनी जेमतेम एक-दोन प्रश्न विचारले. ते सीव्हीवरून तपासून झालेलं असावं.

त्यानंतरची कागदपत्रं कंटाळवाणी पण ठरलेली. पदवीची प्रमाणपत्रं प्रमाणित करून घ्यायची. जिथे जायचं तो देश कागदपत्रांच्या मान्यतेबद्दलच्या १९६१च्या हेग करारात असेल तर अपोस्टिल, म्हणजे करारातल्या देशांत चालणारा आपल्या सरकारचा शिक्का, नसेल तर दूतावासाचा शिक्का. पोलिसांचा दाखला. पीतज्वराची लस वाटेतल्या देशामुळेही लागू शकते, त्यामुळे विमानाचा मार्ग ठरवण्याआधी ते पाहून घ्या. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होतं. २०१६पासून ते आयुष्यभर चालतं, दर दहा वर्षांनी परत घ्यावं लागत नाही.

करारात मी तीन कलमं शोधली: आजारी पडल्यास देशाबाहेर हलवण्याचा विमा, पगार कुठल्या चलनात, आणि प्रकल्प मध्येच बंद पडला तर किती दिवसांची नोटीस. पहिली दोन नीट होती, तिसरं मागून घालून घेतलं.

कामगार परवान्याला उशीर होत होता, आणि करारासोबतच्या माझ्या कामाच्या यादीत पहिल्या वर्षाचे उत्पादनाचे आकडे देण्याची अट होती. झांबियात पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि मक्याची पेरणी त्याच्या सुरुवातीलाच उरकते. मी त्यांना लिहिलं की डिसेंबर उजाडल्यावर मी पोहोचलो, तर त्या हंगामाच्या पिकावर माझा काही हात नसेल. त्याचे आकडे माझ्या नावावर घेऊ नका, त्याऐवजी कोरड्या हंगामातल्या सिंचित भाजीपाल्यापासून मोजा. दोन दिवसांत सुधारित यादी आली. अट बदललेली होती, आणि खाली एक नवी ओळ: पहिल्या तीन महिन्यांत सगळ्या पंपांची आणि नोंदवह्यांची पाहणी करून अहवाल द्यावा. मी सही केली.