गॅरेथ जोन्सच्या वह्या: मार्च १९३३चा तक्ता भरला

मंडळी, मार्च १९३३चा तक्ता एकदाचा भरला. पहिल्या रकान्यात वहीतला मजकूर, दुसऱ्यात २९ मार्चला बर्लिनमध्ये जोन्सने वार्ताहरांसमोर केलेलं निवेदन, तिसऱ्यात त्यानंतर छापून आलेले लेख. तिन्ही शेजारी शेजारी लावल्यावर जे दिसलं, ते सांगायला आज बसले आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. गॅरेथ जोन्स वेल्समधल्या बॅरी गावचा, जन्म १३ ऑगस्ट १९०५. फ्रेंच, जर्मन, रशियन उत्तम. १९३०पासून ब्रिटनचे माजी पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांचा परराष्ट्र व्यवहारांचा सल्लागार, आणि कार्डिफच्या 'वेस्टर्न मेल'मध्ये लिहिणारा. सोव्हिएत रशियात तीनदा गेला: १९३०, १९३१ आणि १९३३. शेवटच्या फेरीत पायी फिरून तिथल्या दुष्काळाची बातमी त्याने बाहेर आणली. खिशात मावणाऱ्या त्याच्या वह्या, पत्रं आणि बाकीची कागदपत्रं आज ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये आहेत. वह्यांची पानं स्कॅन केलेली असल्यामुळे आपल्यासारख्यांना घरबसल्या वाचता येतात.

आता मार्चकडे. मॉस्कोहून खारकिव्हचं तिकीट काढून जोन्स गाडीत बसला, पण खारकिव्ह येण्याआधीच उतरला आणि पायी निघाला. पाठपिशवीत पाव, चीज असला शिधा. चालता चालता त्याने रशिया आणि युक्रेनमधली सीमा ओलांडली, ती नोंदही वहीत आहे. वाटेत जो भेटेल त्याच्याशी तो बोलतो आणि ऐकलेलं टिपून ठेवतो.

बर्लिनच्या निवेदनातलं वाक्य तुम्ही बहुतेकांनी वाचलेलं असेल. आपण गावांतून आणि बारा सामूहिक शेतांतून चाललो, सगळीकडे एकच आक्रोश होता: 'पाव नाही. आम्ही मरतो आहोत.' आता वही उघडा. तिथे माणसं म्हणतात की दोन महिन्यांहून जास्त काळ पाव पाहिलेला नाही, बरेच जण मरताहेत. पहिल्याच गावात बटाटे संपलेले, बीटही संपत आलेलं. हे बीट जोन्स चक्क रशियन लिपीत लिहितो, 'बुऱ्याक'. पुढे गुरांची गोष्ट. गुरं मरताहेत, त्यांना घालायला काही नाही. हेही शब्द रशियनमध्येच. मग: एके काळी आम्ही जगाला खाऊ घालत होतो, आता आम्हीच उपाशी. थोडेच घोडे उरलेत तर पेरायचं कसं? अंगात त्राण नाही तर शेतात राबायचं कसं?

फरक बघा. निवेदनात आक्रोश आहे, वहीत हिशेब आहे. काय संपलं, काय संपत आलंय, कधीपासून नाही, पुढच्या पेरणीचं काय होणार. 'आम्ही मरतो आहोत' हे वर्तमानपत्राच्या मथळ्याला शोभतं, पण माझ्या मते पुरावा म्हणून वजन आहे ते 'दोन महिन्यांपासून' या शब्दांना. शेतकरी माणूस संकट सांगताना गुरांची गोष्ट काढतोच हे आपल्याकडे दुष्काळी भागात राहिलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. छापताना ही क्रमवारी मोडते.

एक दाढीवाला शेतकरी वाटेत भेटतो, त्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पायांना गोणपाट गुंडाळलेलं. रशियन-युक्रेनी मिसळून बोलतो. जोन्स त्याला पावाचा आणि चीजचा तुकडा देतो. तो म्हणतो, हे वीस रूबल मोजले तरी कुठे मिळायचं नाही. लढाईआधी इथे सगळं सोनं होतं, घोडे, गाई, डुकरं, कोंबड्या. आता आमची धूळधाण झाली. समोरच्या शेतात बर्फातून तण डोकं वर काढत होतं, तेही जोन्सने टिपलंय. शेतकरी त्याला घरी घेऊन जातो. घरात मुलगी आणि तीन लहानगी, त्यांतल्या दोघांच्या अंगावर सूज. 'दुष्काळ' हा शब्द न वापरता या एवढ्या नोंदीत सगळं येतं.

निवेदनातला पिकदाणीचा प्रसंग मात्र छापील रूपातच लोकांच्या लक्षात राहिला, आणि ते बरोबरच आहे. गाडीतला एक कम्युनिस्ट म्हणतो, दुष्काळबिष्काळ काही नाही. जोन्स हातातला पावाचा तुकडा पिकदाणीत टाकतो. शेजारचा शेतकरी तो काढून अधाशासारखा खातो. मग संत्र्याची साल टाकतो, तीही तो उचलून खातो. कम्युनिस्ट गप्प. प्रसंग नाट्यमय आहे यात शंका नाही, पण तो जोन्सने मुद्दाम घडवून आणलेला आहे, आणि मला तरी त्यात थोडं अवघडल्यासारखं होतं.

ड्युरँटीचा रकाना मी चौथा म्हणून जोडला. ३१ मार्चच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यांचा मॉस्कोतला वार्ताहर वॉल्टर ड्युरँटी याने लिहिलं की जोन्सचा निष्कर्ष जरा घाईचाच आहे, खारकिव्हच्या आसपास चाळीस मैल चालण्यावर तो बेतलेला आहे. उपासमार नाही, कुपोषणातून येणाऱ्या रोगांनी मृत्यू मात्र बरेच. पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळून वर्षही झालं नव्हतं या गृहस्थांना! चाळीस मैल म्हणजे साधारण ६५ किलोमीटर. वृत्तकथा म्हणून पुष्कळ झालं, साऱ्या युक्रेनचा निवाडा करायला कमी, एवढं मान्य करावं लागतं. पण जोन्सचं उत्तर १३ मेच्या अंकात आलं, ते वाचा. तो त्या पायपिटीवर अवलंबून राहतच नाही. वीस ते तीस वाणिज्यदूत आणि राजनैतिक अधिकारी, वेगवेगळ्या भागांतले शेतकरी, रशियातल्या जर्मन वसाहतींमधून बाहेर आलेली पत्रं, असे आधार तो मांडतो. आणि सेन्सॉरने मॉस्कोतल्या वार्ताहरांना शब्द मवाळ करण्यात तरबेज केलंय असा टोलाही हाणतो.

सेन्सॉरवरून पत्रांचा विषय निघतो, आणि माझ्या कामाचा पुढचा टप्पा तोच. १९३०च्या पहिल्या फेरीत जोन्स युक्रेनच्या दोनबास भागातल्या ह्यूजोव्काला गेला होता, म्हणजे आजचं दोनेत्स्क. ते गाव जॉन ह्यूज या वेल्श कारखानदाराने वसवलेलं, आणि जोन्सची आई तरुणपणी त्याच्या नातवंडांना शिकवायला तिथे राहिली होती. गाव बघायची हौस दांडगी असणार, पण तिथून तो घाईने निघाला. कारण त्याने रशियाबाहेर पडल्यावर २६ ऑगस्टला बर्लिनहून घरी पाठवलेल्या पत्रात आहे: खायला फक्त एक पाव मिळाला होता. येता हिवाळा फार हालाचा जाणार हेही त्यात आहे. मार्च १९३३च्या अडीच वर्षं आधी! म्हणून यापुढे पत्रांच्या तक्त्यात 'कुठून टाकलं' हा वेगळा रकाना ठेवणार आहे. एकाच आठवड्यातलं सीमेच्या आतलं पत्र आणि बाहेरचं पत्र एका मापाने मोजून चालणार नाही.

थोडं तंत्राचं. फिकट पेन्सिलीसाठी नुसता काँट्रास्ट वाढवला तर कागदाचे रेशेही गडद होतात आणि अक्षर त्यात हरवतं. चित्र आधी कृष्णधवल करून मग उलटं, म्हणजे काळ्यावर पांढरं केलं, तर डोळ्यांना बरंच सुसह्य होतं. मोडीच्या कागदांवर ही युक्ती वापरणारे आपल्यात आहेतच. न लागलेला शब्द चौकटी कंसात ठेवते, अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह. अर्थ बसतो म्हणून शब्द बसवायचा नाही, हा नियम इथेही तोच.

१९३१ची फेरी तूर्त बाजूला ठेवली आहे. त्यात केचपवाल्या हाइन्झ घराण्यातला जॅक हाइन्झ सोबत होता आणि जोन्सच्या टिपणांवरून त्याने पुढच्या वर्षी निनावी रोजनिशी छापली. तिथे एका माणसाची वही आणि दुसऱ्याचं पुस्तक असा गुंता आहे, घाईने हात घालण्यासारखं काम नाही. १९३५च्या पूर्वेकडच्या प्रवासाचे कागद सर्वांत शेवटी घेईन. त्या प्रवासातच, १२ ऑगस्टला, तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, अपहरणकर्त्यांनी त्याला मारलं. सोबतचा जर्मन पत्रकार म्युलर त्याआधीच सुटला होता.

तेव्हा आधी १९३०. हाताने लिहिलेलं रशियन वाचता येणारं कुणी असेल तर कळवा. छापील रशियन मला लागतं, पण पेन्सिलीतले 'त' आणि 'म' अजून छळतात. अशा शब्दांची पानं वेगळी काढून ठेवली आहेत.